डाळिंबाच्या रसावर सेल चालतो, चादरीच्या लाल रंगावर का नाही?

दाणे_आणि_साल

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सीच्या मुलांकडून रंगावर चालणारे सौर सेल, म्हणजे डीएसएससी करून घेतोय. एका निकालाचं कोडं सुटत नाही, म्हणून इथे टाकतोय.

मांडणी अशी. काच एफटीओची (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली), १५ ओहम प्रति चौरस. पी-२५ नावाची टायटॅनियम डायऑक्साइडची अतिबारीक पूड, टर्पिनिओल आणि इथाइल सेल्युलोज यांची पेस्ट. दोन बाजूंना चिकटपट्टीचा एकेक थर लावून काचेच्या कांडीने ओढली आणि ४५० अंशांवर ३० मिनिटं भाजली. क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर. इलेक्ट्रोलाइट म्हणून १० मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१२७ ग्रॅम आयोडीन. समोरच्या काचेवर मेणबत्तीची काजळी.

रंग तीन घेतले. पहिला, भगवा वाणाच्या डाळिंबाच्या दाण्यांचा गाळलेला रस. दुसरा, डाळिंबाच्या सालीचा काढा. तिसरा, चादरीचं सूत रंगवायला वापरतात तो लाल रिॲक्टिव्ह रंग, लिटरभर पाण्यात १ ग्रॅम. तिन्हीत थर २४ तास बुडवून ठेवले.

दुपारच्या उन्हातले आकडे: रस ०.४१ व्होल्ट, ०.३५ मिलिॲम्पिअर. साल ०.३३ व्होल्ट, ०.१२ मिलिॲम्पिअर. चादरीचा रंग ०.१४ व्होल्ट आणि जेमतेम ६ मायक्रोॲम्पिअर.

गंमत म्हणजे तिघांत सगळ्यात भडक लाल थर चादरीच्या रंगाचाच आहे. प्रकाश शोषला जातोय हे डोळ्यांना दिसतंय, मग इलेक्ट्रॉन जातात कुठे?

प्रकाशरसायन

इलेक्ट्रॉन कुठेच जात नाहीत. रंगाच्या रेणूतच वर चढतात आणि तिथेच खाली उतरतात, त्या उर्जेची उष्णता होते. भडक दिसणं आणि करंट देणं यांचा संबंध फार दूरचा आहे.

रेणूने प्रकाश शोषला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तिथून टायटॅनियम डायऑक्साइडच्या कंडक्शन बँडमध्ये (इलेक्ट्रॉन जिथे मोकळे फिरू शकतात त्या पातळ्यांत) उडी मारायची तर त्याच्यापाशी वेळ मोजका असतो. चांगल्या रंगात ही उडी फेम्टोसेकंद ते पिकोसेकंदात होते. त्यानंतर रंगाच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला असतो, तो आयोडाइड साधारण मायक्रोसेकंदाच्या हिशेबात भरून काढतं. उडालेला इलेक्ट्रॉन कणाकणांतून, खळग्यांत अडकत-सुटत, मिलिसेकंदांत काचेपर्यंत पोचतो. वाटेत तो परत रंगाकडे किंवा ट्राय-आयोडाइडकडे जाऊ शकतो, पण त्या वाटा त्यामानाने संथ आहेत. सेल चालतो तो एवढ्याचसाठी, की पुढे जाणारी प्रत्येक पायरी मागे फिरणाऱ्या पायरीपेक्षा वेगवान असते. एका ठिकाणी हा क्रम उलटला की संपलं.

तुमच्या लाल रंगात तो पहिल्याच पायरीला उलटतो. एक कारण, तो बहुधा ॲझो रंग आहे. ॲझो रंगांची उत्तेजित अवस्था पिकोसेकंदांतच विझते. कपड्यासाठी हा गुणच, कारण उजेडात टिकायचं असेल तर घेतलेली उर्जा झटपट टाकून देणं बरं. सेलसाठी मात्र हाच अवगुण.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं: हा रेणू थराला बांधलेलाच नाही. रिॲक्टिव्ह रंगाचा हात, म्हणजे व्हिनाइल सल्फोन किंवा क्लोरोट्रायझिन, कापसाच्या सेल्युलोजमधल्या हायड्रॉक्सिल गटांना धरण्यासाठी बनवलेला, तोही सोडा घातलेल्या पाण्यात. टायटॅनियमच्या अणूला धरायला कार्बॉक्सिलिक आम्ल, फॉस्फॉनिक आम्ल किंवा शेजारी-शेजारी असलेले दोन फिनॉलिक हायड्रॉक्सिल लागतात. रिॲक्टिव्ह रंगातले सल्फोनेट गट आम्लात थोडेफार चिकटतात, तेही विद्युतभाराच्या ओढीने. ती पकड ग्लायकॉलमध्ये सुटते. शिवाय सल्फोनेटमधून वाट अशी नाही, की रेणूतला इलेक्ट्रॉनचा ढग थेट टायटॅनियमच्या ३d इलेक्ट्रॉन-कक्षांना (ऑर्बिटल) भिडेल. अंतर वाढलं की उडीचा वेग घातांकी पद्धतीने पडतो. दोन-चार अणूंचं अंतरही महागात जातं.

खात्री झटपट होईल. रंगवलेला थर इलेक्ट्रोलाइट न घालता नुसत्या ग्लायकॉलमध्ये १० मिनिटं ठेवा. ग्लायकॉल लाल झालं तर रंग छिद्रांत नुसता वाळून बसला होता.

थर१०मायक्रॉन

वरचं सगळं मान्य, पण आधी एक सेल बिनरंगी करून मोजा. तुमच्या यादीत तोच नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला कंडक्शन बँडमध्ये चढायला लागणारी किमान उर्जा, ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉनव्होल्टवरून तरंगलांबी काढायला १२४० ला ३.२ ने भागा, ३८८ नॅनोमीटरच्या आसपास येतात. म्हणजे उन्हातला अतिनील भाग रंगाविनाही थोडा करंट देतो, आणि सोलापूरच्या दुपारी तो काही मायक्रोॲम्पिअर सहज असू शकतो. तुमचे ६ मायक्रोॲम्पिअर त्याच खात्यातले असण्याची दाट शक्यता आहे. बिनरंगी सेलने ६ पेक्षा जास्त दिले, तर लाल रंग गाळणीचं काम करून उलट नुकसानच करतोय असं समजा. ४२० नॅनोमीटरखालचं कापणारा फिल्टर समोर धरून पुन्हा मोजलं की उरेल तो रंगाचा खरा हिस्सा.

रंग किती बसला याचाही हिशेब मुलांकडून करून घ्या, मजा येते. १० मायक्रॉन जाडीचा, निम्मा पोकळ थर धरला आणि घनता ३.९, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ मिलिग्रॅम पदार्थ. पी-२५ चं पृष्ठफळ ग्रॅमला ५० चौरस मीटर, म्हणजे त्या १ चौरस सेंटिमीटर काचेवर जवळपास १००० चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग पसरलाय. एका रेणूला दीड चौरस नॅनोमीटर जागा दिली, तर एकेरी थरात १०⁻⁷ मोलच्या आसपास रंग मावतो. एन-७१९ सारख्या रुथेनियमच्या रंगाचा तेवढा माल म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिग्रॅम. यापेक्षा जास्त रंग दिसत असेल तर तो थरावर थर चढलेला. वरचे रेणू स्वतः उडी मारू शकत नाहीत, उलट खालच्यांची उर्जाही खातात.

ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ साली ७ टक्क्यांच्या पुढचा सेल दाखवला, त्यात या पृष्ठभागाची करामत मोठी होती. सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच थर बसवला तर तो प्रकाश शोषणार तरी किती?

दाणे_आणि_साल

ग्लायकॉलची चाचणी आत्ताच केली. चादरीचा रंग पाचव्या मिनिटाला बराचसा उतरला. रसाचा थर तसाच राहिला, फक्त त्याचा रंग लाल न राहता जांभळट दिसतोय. हा खराब झाला की काय?

बिनरंगी सेल: ०.२६ व्होल्ट, ११ मायक्रोॲम्पिअर. म्हणजे लाल रंगाने खरंच तोटा केलाय.

प्रकाशरसायन

खराब नाही, तीच तर पावती आहे. डाळिंबाच्या दाण्यांत सायनिडिन, डेल्फिनिडिन आणि पेलार्गोनिडिन या अँथोसायनिनांचे ग्लुकोसाइड असतात. पहिल्या दोघांच्या एका वलयावर शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल आहेत आणि त्यांच्या चिमट्यात ते टायटॅनियमला पकडतात. पकड बसली की शोषणाचा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि लालाचा जांभळा होतो. पेलार्गोनिडिनला त्या वलयावर एकच हायड्रॉक्सिल, म्हणून त्याला ही पकड जमत नाही, ते धुताना निघून जातं. थर लालच राहिला असता तर काळजी होती.

मात्र रस जसाच्या तसा वापरू नका. पिकलेल्या डाळिंबाच्या रसात साखर १५ टक्क्यांच्या आसपास असते. ती छिद्रांत बसून वाळते आणि आयोडाइडची वाट अडवते. वर सायट्रिक आम्ल आहे, त्याचे कार्बॉक्सिल गट त्याच जागांवर रंगाच्या आधी जाऊन बसतात. रस एक्सएडी-७ रेझिनच्या नळीतून सोडा, भरपूर पाण्याने धुवा. साखर आणि आम्ल पाण्याबरोबर जातील, रंग रेझिनवर राहील. मग १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या इथेनॉलने तो उतरवा. रेझिन नसेल तर निदान रंगवलेला थर आधी पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन वाळवा. नुसत्या धुण्यानेही करंटात फरक दिसेल.

थर बुडवताना तो ८० अंशांच्या आसपास गरम असू द्या. गार थराच्या छिद्रांत हवेतली वाफ आधीच जागा धरून बसलेली असते, मग रंगाला जागा उरत नाही. एकदम भट्टीतून काढलेला नको, काच तडकते.

रंगशाळा_अक्कलकोटरोड

रंगकामातून एक टीप. बाजारात मिळणारी रिॲक्टिव्ह रंगाची पूड शुद्ध रंग नसते. ताकद सारखी करायला त्यात सोडियम सल्फेट वगैरे मिसळलेलं असतं. त्यामुळे "१ ग्रॅम रंग" म्हणजे किती रेणू, हे डब्यावरून कळत नाही. मोलारिटी काढून आलेख काढणार असाल तर तो आलेख फसवा निघेल.

आणि एक प्रश्न. हाच रंग सांडपाण्यात असताना त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालून उन्हात ढवळलं तर रंग उडतो म्हणतात. इलेक्ट्रॉन उडीच मारत नसेल तर तो कसा उडतो?

प्रकाशरसायन

काका, प्रश्न मुद्द्याचा आहे. तिथे दोन वाटा आहेत. एक अतिनीलची: ३८८ नॅनोमीटरखालचा प्रकाश थेट टायटॅनियम डायऑक्साइड शोषतं, त्यात जोडीने इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली रिकामी जागा) तयार होतात, होलमुळे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात आणि ते रंग फोडतात. या वाटेला रंगाने उडी मारायची गरजच नाही. दुसरी रंगाची स्वतःची: रंग प्रकाश घेतो, पृष्ठभागाला चिकटलेल्यांपैकी थोड्यांचा इलेक्ट्रॉन आत जातो, तिथून तो पाण्यातल्या ऑक्सिजनकडे जाऊन सुपरऑक्साइड बनतं, आणि मागे राहिलेला अर्धवट रंग तुटतो. सेलमध्ये ती जागा भरायला आयोडाइड असतं, सांडपाण्यात कोणी नाही. म्हणून सेलात रंग टिकतो आणि टाकीत मरतो. शंभरात एकच उडी यशस्वी झाली तरी टाकीला दिवसभराचा वेळ असतो. सेलला तेवढ्यावर करंट मिळत नाही.

पण डायहाऊसचं पाणी जसंच्या तसं घेऊन हे जमत नाही. रिॲक्टिव्ह रंगाईनंतर पाण्याचा पीएच १० ते ११ असतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच ६ च्या वर ऋण होतो, रंगही ऋण, दोघं एकमेकांना दूर ढकलतात. सोड्यातलं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. आधी आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणा, कार्बन डायऑक्साइडचा फेस निघून जाऊ द्या, मग उन्हात ठेवा. आणि पाणी पांढरं झालं म्हणून समाधान मानू नका. ॲझो बंध तुटला की रंग जातो, उरलेले सुगंधी अमाईन मात्र पाण्यातच असतात. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय मालाला लागणारा रासायनिक ऑक्सिजन) मोजल्याशिवाय काम झालं असं म्हणता येत नाही.

थर१०मायक्रॉन

सालीबद्दल कोणीच बोललं नाही. मला तोच निकाल सगळ्यात रंजक वाटला.

सालीत अँथोसायनिन फार नाही, मुख्य माल टॅनिनांचा, प्युनिकॅलॅजिन वगैरे. काढा नुसता पाहिला तर फिकट पिवळा-तपकिरी, थरावर चढला की गडद होतो. हे नुसतं साठून गडद झालेलं नाही. कॅटेकॉलसारखे (शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले) गट टायटॅनियमला बांधले गेले की शोषणाचा एक नवाच पट्टा तयार होतो, जो ना एकट्या टॅनिनमध्ये असतो ना एकट्या ऑक्साइडमध्ये. तिथे इलेक्ट्रॉन आधी रेणूत वर चढून मग उडी मारत नाही. प्रकाश पडताक्षणी तो टॅनिनमधून थेट कंडक्शन बँडमध्ये उतरतो. पहिली पायरीच गाळली गेली.

ऐकायला झकास, आकडा मात्र कमी का? कारण जितकी सरळ वाट जायला, तितकीच सरळ परत यायला. अशा बंधांत बरेचसे इलेक्ट्रॉन पिकोसेकंदांत माघारी येतात, आयोडाइडला हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून चांगला रंग तो, ज्यात उत्तेजित इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला लगटून असतो आणि मागे उरलेली रिकामी जागा रेणूच्या दूरच्या टोकाला असते. रुथेनियमच्या रंगांत नेमकं हेच साधलंय: इलेक्ट्रॉन कार्बॉक्सिल असलेल्या बायपिरिडिनवर, रिकामी जागा दुसऱ्या टोकाच्या थायोसायनेटकडे.

रस आणि साल एकत्र कुटून काढा करणारे बरेच दिसतात. तसं करू नका, टॅनिन जागा अडवतं.

दाणे_आणि_साल

पातळ्यांचं गणित मुलांना कसं दाखवावं? आणि तुलनेला एखादा खात्रीचा रंग सुचवा, एन-७१९ खिशाला झेपत नाही.

प्रकाशरसायन

इओसिन-वाय घ्या, सूक्ष्मदर्शकाच्या कामाला लागतं ते. कार्बॉक्सिल आहे, हिरवा प्रकाश चांगला शोषतं, स्वस्त आहे. ०.३ मिलिमोलर द्रावण: ५० मिली इथेनॉलमध्ये डायसोडियम मीठ १०.४ मिलिग्रॅम. रात्रभर बुडवा. इओसिनवर करंट मिळाला आणि तुमच्या रंगावर नाही, तर दोष रंगाचा. इओसिनवरही नाही मिळाला तर रंगाला दोष देऊ नका, काच, काजळी, इलेक्ट्रोलाइट तपासा.

पातळ्यांसाठी तीन आकडे पुरतात, सगळे एनएचईच्या (प्रमाण मानलेल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या) तुलनेत. कंडक्शन बँडची कड सुमारे −०.५ व्होल्ट, आयोडाइड-ट्राय-आयोडाइड जोडी सुमारे +०.३५. रंगाचं ऑक्सिडीकरण विभव, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन कोणत्या व्होल्टेजला निघतो ते, सायक्लिक व्होल्टॅमेट्रीने काढा. समजा ते +१.१ आलं आणि शोषण व उत्सर्जनाचे आलेख ६९० नॅनोमीटरला छेदतात, म्हणजे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १.१ मधून १.८ वजा, उत्तेजित पातळी −०.७. ती −०.५ पेक्षा ऋण आहे, उडीला ०.२ ची उतरण मिळाली. आणि +१.१ हे +०.३५ पेक्षा बरंच धन आहे, आयोडाइड जागा भरू शकेल. −०.५ आणि +०.३५ मधलं अंतर ०.८५, हीच व्होल्टेजची कमाल मर्यादा. त्यापुढे कोणी सांगत असेल तर मीटर तपासा.

ही कड काही खांबासारखी रोवलेली नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियमचे आयन घातले की ती खाली येते, करंट वाढतो, व्होल्टेज पडतं. ४-टर्शरी-ब्युटाइलपिरिडिन ०.५ मोलर घातलं की उलट होतं. फळांच्या रंगांना बऱ्याचदा लिथियम मानवतं, कारण त्यांची उडीच अडलेली असते.

थर१०मायक्रॉन

मोजमापाच्या चुका थोडक्यात. प्रकाश टायटॅनियम डायऑक्साइडच्या काचेकडून पडू द्या. काजळीच्या बाजूने धरलं तर काजळी आणि आयोडीनच तो खातात. काळ्या कागदात नेमकी १ चौरस सेंटिमीटरची खिडकी कापून वर ठेवा, नाहीतर कडेने शिरलेला प्रकाश आकडा फुगवतो. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडची) काच चुकून वापरली नाही ना, ते पाहा: भट्टीच्या आधी आणि नंतर रोध मोजा, नंतर कित्येक पटींनी वाढलेला असेल तर ती आयटीओ. एफटीओ त्या तापमानाला तग धरते.

व्होल्टेज कमी पण करंट ठीक असेल तर गळती समजा. छिद्रांतून इलेक्ट्रोलाइट थेट एफटीओला भिडतो आणि इलेक्ट्रॉन तिथूनच परत जातात. त्यावर ४० मिलिमोलर टायटॅनियम टेट्राक्लोराइडचं पाणी, ७० अंश, ३० मिनिटं, मग पेस्ट. टेट्राक्लोराइड बर्फाच्या पाण्यात थेंबथेंब घालायचं आणि धूर ओढणाऱ्या फ्यूम हूडखालीच, हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. व्होल्टेज ठीक आणि करंट कमी असेल तर रंग किंवा काजळी. दोन्ही दहा मिनिटांत पडत गेले तर इलेक्ट्रोलाइट वाळतोय. उन्हाळ्यात इथे ॲसिटोनायट्राइलचा उघडा सेल टिकत नाही, ८२ अंशांना उकळतं ते. तुमचं ग्लायकॉल त्या मानाने संथ पण भरवशाचं.

झिंक ऑक्साइडचा मोह मुलांना होईल, त्यावर रसाचा प्रयोग करू देऊ नका. रसाचा पीएच ३ ते ४, झिंक ऑक्साइड त्यात विरघळतं. जस्ताचे आयन रंगाला धरून छिद्रांत गाळ करतात. थर गडद आणि सुंदर दिसतो, मीटर मात्र हलत नाही.

दाणे_आणि_साल

इओसिनची ऑर्डर दिली, काचा टेट्राक्लोराइडच्या ७० अंशांच्या पाण्यात बुडवल्यात. एकच शेवटचं: थर धुताना नळाचं पाणी चालेल का?

प्रकाशरसायन

नको. डिआयनाइज्डच घ्या, तेही गार. आणि धुतल्यावर टिश्यूने पुसू नका, काच उभी धरून निथळू द्या.